अर्धवट पाहिलेलं

दुपारी कूलरमध्ये पाणी सोडून, ओले हात पदराला पुसत मी टीव्ही लावला, तर 'अर्धवट पाहिलेलं' या ओळीतल्या पहिल्याच चौकोनात माझ्या सासूचा हात होता. नुसता हात. मनगटात हिरव्या बांगड्या, बोटांत साडीच्या निऱ्या धरलेल्या, आणि चेहरा चौकटीच्या बाहेर कुठंतरी. सासूला जाऊन हा चौथा उन्हाळा. त्या चौकोनाच्या तळाशी एक केशरी रेघ असते, पाहणारा कुठवर पोचला ते दाखवणारी. ती निम्म्याच्या थोडी पुढे येऊन थांबली होती. ही कॅसेट मीच कॉम्प्युटरवर उतरवली, तिला 'महालक्ष्म्या, पारशिवनी' असं नाव दिलं आणि त्यानंतर एकदाही लावली नाही. घरात माणसं दोन. हे सकाळीच कळमन्याच्या बाजारात जातात, दुपार कलल्यावर येतात आणि बातम्या लावून बातम्यांसमोर झोपतात. म्हणजे कुणीतरी मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये येऊन, चपला काढून, माझ्या दिवाणावर बसून ही कॅसेट निम्मी पाहून गेलं, असंच मला पहिल्यांदा वाटलं. मी उठून दाराची कडी पाहिली. कडी लागलेली होती. मग स्वतःचंच हसू आलं.

आमच्याकडे सर्व्हर आहे म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. आमचा सर्व्हर म्हणजे ह्यांच्या अडतीच्या ऑफिसातून निकालात निघालेला कॉम्प्युटरचा डबा. तो बेडरूममधल्या लोखंडी कपाटावर बसलेला असतो, आणि मे महिन्यात त्याच्यासाठी मी वेगळा टेबलफॅन लावते म्हणून शेजारणी मला हसतात. त्याच्या पोटात घरातल्या सगळ्या कॅसेटी, लग्नांच्या सीड्या, फोटो. आम्हाला मूल नाही. असतं तर त्यानं 'दे इकडे' म्हणून सगळं स्वतःच करून टाकलं असतं आणि मला काही आलं नसतं. तसं झालं नाही म्हणून मी शिकले. कधी व्हिडिओ पाहून, कधी अनोळखी लोकांना मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारून. त्यांना मी तरुण मुलगा वाटत असे आणि ते मला 'ब्रो' म्हणत. मी कधी दुरुस्त केलं नाही.

तर त्या डब्यातलं टीव्हीवर दिसायला एक सॉफ्टवेअर लागतं, आणि त्यात दोन घराणी आहेत. आमच्याकडे आहे ते एका परदेशी कंपनीचं. त्याला मी जावई म्हणते. देखणा, सगळं जागच्या जागी मांडून ठेवणारा. पण माझ्याच कपाटावरची माझीच कॅसेट पाहायला आधी त्याच्या कंपनीच्या दारात जाऊन नाव सांगावं लागतं. आणि आता त्यानं मानपान वाढवले होते: घराबाहेर कुणाला दाखवायचं असेल तर पुढल्या महिन्यापासून वर्गणी भरा, नाहीतर बंद. दुसरं फुकटातलं, जगभरच्या लोकांनी आपापल्या रिकाम्या वेळात मिळून बनवलेलं. त्याला मी भाचा म्हणते. मळक्या शर्टाचा, अधूनमधून अडून बसणारा, एका सिनेमाचं पोस्टर दुसऱ्याला चिकटवणारा, पण घरातलं घरात ठेवणारा. घराबाहेर दाखवायचं म्हटलं की मात्र तो अंग काढून घेतो. रस्ता तुम्ही बांधा, पत्ता तुम्ही द्या, नाव आणि पासवर्ड त्या माणसाला तुमच्या तोंडानं सांगा. जावई की भाचा, हे माझं महिनाभर चाललं होतं. हे एकदा जेवता जेवता म्हणाले, "अवं, एवढा विचार तं माह्या बापानं तुले पाहाले आल्यावर नव्हता केला."

त्या दुपारी मला आधी जावयाचाच संशय आला. कंपनीत कुणीतरी बसून लोकांच्या घरच्या कॅसेटी पाहत असेल. दूरच्या थंड देशात एक माणूस कॉफी पीत माझ्या सासूचा हात पाहतो आहे, हे मी इतकं स्पष्ट पाहिलं की मला त्याचा स्वेटरसुद्धा दिसला. मग वाटलं, त्याला काय पडलंय. मग ह्यांचा संशय आला. हे आले, तांब्याभर पाणी प्याले, तेव्हा मी टीव्हीकडे न पाहता विचारलं, "तुम्ही महालक्ष्म्यांची कॅसेट लावली होती का?"

"कोनती?"

"पारशिवनीची. मायची."

"मी कायले लावू? मले आवाजाचं बटन सापडत नाही." ते खरंच होतं. पण हे खरं बोलतानाही डोळे चोळतात आणि खोटं बोलतानाही, त्यामुळे इतक्या वर्षांच्या संसारात मला त्यांच्या डोळ्यांचा काही उपयोग झालेला नाही. तांब्या ठेवता ठेवता ते म्हणाले, "नत्थूदादा दिसला आज बाजारात. मिरची घेऊन आला होता."

नत्थूदादा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, माझे भासरे. पारशिवनीला असतात. "बोलले का?" मी विचारलं.

"नाही. मी पाठ करून उभा होतो. लहानू मापारी सांगे, इथून चितार ओळीत जाणार हाय म्हणे."

"चितार ओळीत काय काम?"

"मले काय माहीत? तिथं मूर्त्या रंगवतात. मिरची तं कोनी घेत नाही." असं म्हणून त्यांनी बातम्या लावल्या आणि डोळे मिटले. मी मात्र उभीच राहिले. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास येत होता. तो वास मला एरवी आवडतो. त्या दिवशी त्यात काहीतरी कुजल्यासारखं वाटलं.

जावयाकडे एक पान असतं. आपलं घर कोणकोणत्या टीव्हीवर उघडं आहे, ते त्यावर दिसतं. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं, आपल्याच घराच्या किल्ल्या कोण मोजतं. त्या पानावर तीन नावं होती. आमचा टीव्ही. माझा फोन. आणि तिसरं, 'आईचा टीव्ही'. माझी आई गेली तेव्हा तिच्याकडे फक्त रेडिओ होता. सासूला आम्ही सगळे माय म्हणत असू. आई या नावाचं माणूस आमच्याकडे नव्हतंच. थोडा वेळ मी त्या दोन शब्दांसमोर, कुणीतरी मेलेलं माणूस दुपारचं टीव्ही पाहतंय अशा समजुतीत बसले, आणि खरं सांगायचं तर ते मला फारसं वाईटही वाटलं नाही. मग आठवलं. ऋषिकेश. भासऱ्यांचा मुलगा, आता पुण्याला नोकरीत असतो तो. चांगले दिवस होते तेव्हा एका दिवाळीला त्यानं पारशिवनीच्या घरच्या टीव्हीवर माझंच नाव घालून हे सगळं सुरू करून दिलं होतं. "काकू, आता आई तिथं बसून तुमचा सगळा खजिना पाहू शकते." त्याची आई म्हणजे वंदना वहिनी. माझी थोरली जाऊ. तीन वर्षांत जिच्याशी मी एक शब्द बोलले नाही, ती.

आता हे बोलणं कसं बंद झालं ते सांगायचं तर कपाट उघडावं लागेल. ज्या कपाटावर सर्व्हर बसतो त्याच्याच वरच्या कप्प्यात, सासूच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, एक शाडूचा मुखवटा आहे. कनिष्ठेचा. आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर कुंकवाच्या पावलांनी त्यांना घरात आणायचं, धान्याच्या कोठ्यांवर मुखवटे बसवायचे, साड्या नेसवायच्या, दुसऱ्या दिवशी पुरणाचं आणि आंबिलीचं जेवण, तिसऱ्या दिवशी निरोप. माय गेली आणि तेरवीनंतर पारशिवनीच्या ओसरीवर वाटणी झाली. शेत झालं, भांडी झाली, घर झालं. शेवटी मुखवट्यांची परडी मधे आली. थोरल्याकडे ठेवा असं हे म्हणाले असते तर झालं असतं. धाकट्याकडे राहू द्या असं भासरे म्हणाले असते तरी झालं असतं. पण मागणारा आपण दिसू नये म्हणून दोघंही गप्प. तेवढ्यात गावातले एक म्हातारे, ज्यांना उन्हात घरी जायची घाई झाली होती, म्हणाले, "दोघी हायत, दोघं हायत. त्यात काय विचार करता गा?" आणि दोघं भाऊ इतक्या पटकन हो म्हणाले, जणू बैलजोडीतला एकेक बैल सोडून न्यायचा होता. ज्येष्ठा थोरल्याला, कनिष्ठा धाकट्याला. स्वयंपाकघराच्या दारात आम्ही दोघी जावा उभ्या होतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी बोलेन. मला वाटलं, थोरल्या आहेत, त्या बोलतील.

एकटी महालक्ष्मी बसवत नाहीत. हे त्या ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यामुळे तेव्हापासून ना पारशिवनीला भाद्रपद आला, ना मनीषनगरात. ज्येष्ठा तिकडे कुठल्यातरी पेटीत, कनिष्ठा माझ्या कपाटात, सर्व्हरच्या पंख्याची घरघर ऐकत. दर वर्षी ते तीन दिवस मी माळे झाडते, डबे घासते, काहीतरी काढून बसते. मोठा मुद्दा असता तर एव्हाना भांडून मोकळ्या झालो असतो. भांडण झालंच नाही, म्हणून मिटवायलाही काही नाही. लग्नकार्यात समोर आलो तर आम्ही दोघी तिसऱ्याच बाईशी बोलतो.

आणि आता वहिनी ती कॅसेट पाहत होत्या आणि भासरे चितार ओळीत गेले होते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की त्या आपोआप एकमेकींना चिकटल्या. कॅसेटमध्ये कनिष्ठेचा चेहरा जवळून दिसतो. सासऱ्यांनी, चंपतरावांनी, संत्र्याला भाव आलेल्या वर्षी लग्नाच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा दोन दिवस मागून आणला होता आणि देवीच्या नाकाच्या नथीपर्यंत तो नेला होता. टीव्हीवर चित्र थांबवायचं, फोननं फोटो काढायचा, चितार ओळीत दाखवायचा. तेच डोळे, तीच हनुवटी, नवी कनिष्ठा. पारशिवनीत जोडी पुरी. मग माझ्या कपाटातली ही कोण? देवी राहणार नाही आणि टाकताही येणार नाही. आणि पुन्हा आमच्याकडे यायचं, फोन करायचं, निदान चिडायचं तरी वहिनींना जे एक कारण उरलं होतं, ते संपणार. मला राग आला. राग आला की मी पोळ्या जाड करते. हे रात्री पोळी उचलून माझ्याकडे पाहत राहिले आणि मग जेवले.

मग जावई की भाचा हा प्रश्न उरलाच नाही. भाचा. घरातलं घरात. जावयाला निरोप दिला की पारशिवनीचा टीव्ही आपोआप काळा. कुणाला सांगायला नको, कुणी विचारायला नको. कंपनीनंच बंद केलं म्हणायची सोय. मी कपाटावर चढून डब्यात भाचा बसवायला घेतला. तो पहिल्या दिवशी चाललाच नाही. दुसऱ्या दिवशी चालला आणि सगळ्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दाखवायला लागला. मी घामाघूम होऊन दुरुस्त करत होते आणि दुसऱ्या हातानं फोनवर जावयाचं ते पान उघडून ठेवत होते, कारण दुपार झाली की 'आईचा टीव्ही' या नावापुढे एक छोटा त्रिकोण हिरवा होई. म्हणजे वहिनींची भांडी आटोपली. म्हणजे भासरे झोपले. त्रिकोण हिरवा असेपर्यंत मला दुसरं काही सुचत नसे. मी इथं एक बटण दाबलं असतं तर तिथं चित्र थांबलं असतं. ते बटण पाहत मी बसे, आणि एकदा माझ्या लक्षात आलं की पंख्याच्या वाऱ्यात कपाटाच्या दाराची फट हलते आहे आणि आतल्या लुगड्याची किनार हलते आहे. म्हणजे तिघी होतो.

संशयाची एक वाईट खोड आहे, त्याला पुरावा मिळाला की तो अधिक मागतो. रेघ रोज मागे जाई आणि पुन्हा तिथंच येऊन थांबे. पूर्ण कॅसेट पाहायची असती तर कुणीही एकदा बसून पाहिली असती. तोच तुकडा पुन्हा पुन्हा. माझ्या मनात त्या तुकड्यात कनिष्ठेचा चेहरा घट्ट बसला होता, नथीसकट. पण भाच्याचं सगळं सुरळीत झालं, जावयाला काढायचं तेवढं उरलं, तेव्हा मी म्हटलं, पाहून तर घेऊ. चोरीचा माल काय ते कळायला हवं. हे कळमन्याला गेलेले. मी पडदे ओढले, कूलर बंद केला आणि कॅसेट त्या रेघेच्या थोडी मागून लावली.

देवी नव्हती. म्हणजे होती, पण मागे, धुरकट, नेसवून झालेली. कॅमेरा सासऱ्यांनी बंद न करताच धान्याच्या पोत्यावर ठेवून दिला होता आणि ते हातपाय धुवायला गेले असावेत. चित्र तिरकं. खालच्या अंगाला साडीच्या निऱ्या, सरळ करणारा मायचा हात, आणि त्याच्या पलीकडे फरशीवर आम्ही दोघी जावा पाय पसरून बसलेल्या. दिवसभर उभ्या राहून पाय सुजलेले. मधे एक ताटली, तीत तुटलेल्या करंज्या. मोडलेली करंजी देवीला चालत नाही म्हणून ती आमची. माझा चेहरा अर्धा दिसतो. मी इतकी बारीक होते हे मी विसरले होते. वहिनी तोंडात करंजी धरूनच म्हणतात, "प्रेमा, तुही कनिष्ठा वाकडी उभी हाय वं."

"वाकडी नाही वहिनी, तुमच्या ज्येष्ठेकडे पाठ करून राहिली. सकाळपासून हुकूम सोडून राहिली ना ती."

"मोठी हाय. सोडन."

"सोडा म्हणा. करंजी कोन खाऊन राहिलं मंग? मोठीनं मोठी घेतली."

आणि मग आम्ही हसतो. त्यात हसण्यासारखं काही नाही. वहिनींना ठसका लागतो, मी त्यांच्या पाठीवर मारते, जरा जास्तच जोरात मारते, त्या माझी वेणी ओढतात. मायचा हात निऱ्यांवरून उचलला जातो आणि चौकटीबाहेरून तिचा आवाज येतो, "हसू नका वं, देव्या ऐकून राहिल्या." त्यावर आम्ही आणखी हसतो. मग सासऱ्यांची सावली येते आणि कॅमेरा बंद होतो. रेघ तिथं थांबते.

मी तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मला मागची कनिष्ठाही दिसली. धुरकट असली तरी चेहरा ओळखू येत होता. चांगल्या कारागिराला तेवढं पुरलं असतं. संशय असा जात नाही, तो फक्त जागा बदलून बसतो. पण चेहऱ्यासाठी कुणी इथं थांबलं नसतं. त्याआधी सासऱ्यांनी कितीतरी वेळ देवीच्या नाकाशी कॅमेरा धरला होता, आणि तिथं रेघ एकदाही थांबली नव्हती.

आता मात्र पंचाईत झाली. जावई ठेवला असता, वर्गणी भरली असती, तर वहिनी रोज दुपारी पाहत राहिल्या असत्या आणि मी इथं हिरवा त्रिकोण पाहत राहिले असते, आणि कुणालाच काही बोलावं लागलं नसतं. हे मला इतकं सोयीचं वाटलं की त्याचाच संशय आला. अशीच सोय त्या दिवशी ओसरीवर झाली होती. भाचा ठेवायचा तर पारशिवनीचा टीव्ही काळा होणार होता, आणि तो पुन्हा उजळायला एकच रस्ता होता. घराबाहेरचा रस्ता दोन दिवस खपून बांधला आणि भाच्याच्या पानावर मी ह्यांचं नाव टाकलं. माझं टाकलं. तिसऱ्या रिकाम्या चौकोनात 'वंदना' टाइप केलं. पासवर्डची जागा रिकामी ठेवून फोन उचलला. हिरवा त्रिकोण चालूच होता.

"हॅलो," वहिनी म्हणाल्या. आवाज जाडा झालेला. मागे टीव्हीचा आवाज.

"वहिनी, मी प्रेमा."

"हं."

"ते टीव्हीवरचं बंद होणार हाय पुढल्या महिन्यात. म्हणून सांगाव म्हटलं."

"कोनतं?"

"कॅसेटीवालं. ऋषिकेशनं लावून देल्लं ते."

मग वहिनी म्हणाल्या, "मी कायले पाह्यते ते? मले कुठं वेळ हाय." आणि त्यांच्या मागून, पारशिवनीच्या खोलीतून, मायचा आवाज आला, हसू नका वं, देव्या ऐकून राहिल्या. तो त्यांनी ऐकला. मी ऐकला. मी ऐकला हे त्यांना कळलं. टीव्ही बंद करायला त्या उठल्या नाहीत, आणि मी काही विचारलं नाही. चितार ओळीचं तर नाहीच.

"मी नवीन लावून राहिली," मी म्हटलं. "त्याले पत्ता टाकाव लागते. नाव, पासवर्ड. लिहून घेता का?"

"थांब. चष्मा आनते."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला. मला तिथलं सगळं दिसत होतं. टीव्हीचं लाकडी कपाट, त्याच्या बाजूला खिळा, खिळ्याला कॅलेंडर, मे महिन्याचं पान वर. फोनमधून मी स्वतःला हसताना ऐकलं. बारीक होते तेव्हाचं हसू. वहिनींना चष्मा सापडायला फार वेळ लागत होता. इतका वेळ लागत नाही, चष्मा त्या गळ्यात अडकवतात.

"सांग," वहिनी परत येऊन म्हणाल्या. नाक भरलेलं होतं. मी पत्ता सांगितला, एकेक अक्षर, त्या पुन्हा म्हणत गेल्या. "नाव तुमचंच ठेवलं," मी म्हटलं. "हं. अन् पासवर्ड?"

तो मी ठरवलाच नव्हता. कपाटाच्या फटीतून लुगड्याची किनार दिसत होती. "यंदा भाद्रपदात अनुराधा नक्षत्र ज्या दिवशी पडते," मी म्हटलं, "ते टाका. ती तारीख."

"तारीख कायले वं? सोपं काही ठेवाव."

"सोपंच हाय. कॅलेंडरात पाहून घ्या."

भाद्रपदासाठी तीन-चार पानं उलटावी लागणार होती. ते कागद जाड आणि गुळगुळीत असतात, त्यांचा आवाज होतो. मी फोन कानाशी दाबून धरला. पान उलटल्याचा आवाज आला नाही. वहिनींनी तिथंच बसून तारीख सांगितली.

तारीख बरोबर होती.